जिंकलेलं मशीन कोणी उघडत नाही

इंजिनिअरिंग कॉलेजच्या रोबोटिक्स टीमबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं. टीम जिंकली की गेटवर फ्लेक्स लागतो, हरली की 'अनुभव तर मिळाला ना' म्हणून विषय मिटवला जातो. मधल्या वर्षभरात विशीतली पंचवीस-तीस मुलंमुली काय करतात, कशी बदलतात, कोण टिकतं आणि कोण गळतं, याची चौकशी घरचेही करत नाहीत आणि कॉलेजही करत नाही. मला ही चौकशी फार महत्त्वाची वाटते. म्हणून दोन माणसांना समोरासमोर बसवलं. एक सर. मेकॅनिकलला शिकवतात आणि अनेक वर्षं त्यांनी कॉलेजची टीम रोबोकॉनला नेली आहे. दुसरी त्यांचीच विद्यार्थिनी. बीईच्या वर्षी ती टीमची कॅप्टन होती, आता चाकणच्या एका कारखान्यात ऑटोमेशनचं काम पाहते. दोघांचा एकमेकांवर जीव आहे, पण या विषयावर त्यांचं जमत नाही.

स्पर्धेविषयी थोडं सांगायला हवं. एबीयू रोबोकॉन म्हणजे आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची स्पर्धा. पहिली 2002 साली टोकियोत झाली. आपल्याकडची राष्ट्रीय फेरी दूरदर्शन भरवतं आणि ती कित्येक वर्षं पुण्यात बालेवाडीला होत असे. दर वर्षी यजमान देश नवा खेळ ठरवतो. 2008 ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली तेव्हा विषय गोविंदा आणि दहीहंडीचा होता. 2014 ला पुन्हा पुण्यातच, तेव्हा पालक रोबोनं बाळ रोबोला उचलून झोपाळ्यावर, सी-सॉवर खेळवायचं होतं. ती स्पर्धा व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठानं जिंकली. 2022 ला दिल्लीत चक्क लगोरी होती. रोबोनं चेंडू मारून पाच चकत्यांची लगोरी फोडायची आणि पुन्हा रचायची. सामना जेमतेम तीन मिनिटांचा. त्याआधी मशीन लावायला एक मिनिट.

सर : मी स्पष्टच बोलतो. जिंकायचंच नसेल तर रोबो कशाला बनवायचा? कॉलेजचा प्रोजेक्ट करा, वायवाला दाखवा, मार्क घ्या. वायवाला मशीन बंद पडलं की मुलगा म्हणतो, 'सर, काल चालत होतं.' आणि आम्हीही मार्क देऊन टाकतो. अरीनात हे खपत नाही. शिट्टी वाजली की काल काय चालत होतं याला किंमत शून्य. वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली लावलेला लाईन सेन्सर स्टेडियमच्या दिव्यांखाली पांढरं आणि काळं यांत गल्लत करतो, हे पुस्तकात वाचून कळत नाही. हरल्यावर कळतं. माझी जी पोरं आज चांगली इंजिनिअर आहेत ती हरून झाली आहेत.

कॅप्टन : सर, जिंकायची भूक हवी, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी स्वतः त्या भुकेवर दोन वर्षं काढली. माझा आक्षेप तुमच्या शेवटच्या वाक्याला आहे. 'हरून झाली' असं तुम्ही कोणाकडे बघून म्हणता? जी तुम्हाला आज भेटायला येतात त्यांच्याकडे बघून. जी येत नाहीत त्यांना हारेनं काय केलं, हे तुम्हाला कसं कळणार?

सर : एन्कोडरच्या वर्षाचंच घे ना. तू तेव्हा सेकंड इयरला होतीस, पिटमध्ये, मशीन दुरुस्तीच्या जागी. पहिला सामना, आपण रेड झोनमध्ये. शिट्टी झाली आणि मशीन सरळ जायच्या ऐवजी स्वतःभोवती फिरलं आणि कठड्यावर आदळलं. रिट्राय घेतला, पुन्हा तेच. एका चाकाच्या एन्कोडरचा कनेक्टर निसटला होता. चाक फिरतंय ही खबर कंट्रोलरपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून चाक अडलंय असं समजून तो त्या मोटरला आणखी आणखी पॉवर देत होता. तीन मिनिटं संपली. आठ महिन्यांचं काम. पण त्यानंतर काय झालं ते सांग. पुढच्या वर्षी आपण सगळे कनेक्टर लॉकवाले घेतले. प्रत्येक वायर हातानं ओढून बघायची आणि तक्त्यावर सही करायची, हा नियम झाला. त्या वर्षी वायरिंगमुळे आपला एकही सामना गेला नाही. हे हारेनंच शिकवलं ना?

कॅप्टन : टीमला शिकवलं. तो कनेक्टर ज्यानं तारेवर दाबून बसवला होता, क्रिंप केला होता, त्याला काय शिकवलं?

सर : कोणी केला होता?

कॅप्टन : माझ्याच वर्गातल्या एका मुलानं. बघा, तुम्हाला तो आठवतही नाही. यात तुमचा दोष नाही, तो त्यानंतर आलाच नाही. त्याला कोणी शिव्या दिल्या नाहीत. परतीच्या बसमध्ये त्याच्याशी कोणी बोललं नाही, एवढंच. आठवडाभरानं पुढच्या वर्षाचा नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात त्याचा नंबर नव्हता. कोणी मुद्दाम वगळलं असेल असंही मला वाटत नाही. ज्यानं ग्रुप काढला त्याला तो आठवला नाही, किंवा आठवला आणि नको वाटलं. आणि आता मुख्य गोष्ट ऐका. त्या मुलानं जानेवारीत क्रिंपिंग टूल मागितलं होतं. बजेट संपलंय असं उत्तर मिळालं. एन्कोडर महागातले घेतले होते आणि त्यांच्या पिना साध्या पकडीनं दाबल्या. पकडीनं दाबलेली पिन वरून घट्ट दिसते, पण तार आत नीट धरलेली नसते. मशीन चार दिवस हादरलं की ती निसटते. म्हणजे दोष टूल न घेण्याचा होता आणि तो वीस वर्षांच्या एका पोराच्या खात्यावर पडला. पुढच्या वर्षी लॉकवाले कनेक्टर आले तेव्हा क्रिंपिंग टूलही आलं. ते हातात घ्यायला तो नव्हता.

इथे सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटतं, 'हार माणसाला घडवते' या आपल्या लाडक्या समजुतीतली खोट इथेच आहे. हारेची गोष्ट सांगायला हारेतून उभी राहिलेलीच माणसं उरतात. कॉलेजच्या स्नेहमेळाव्यात माईक त्यांच्याच हातात असतो. जो टीम सोडून गेला, ज्यानं त्यानंतर सोल्डरिंग आयर्न हातात धरलं नाही, त्याची बाजू कोणत्याच मेळाव्यात ऐकू येत नाही. मग हार चांगलीच असते असा पुरावा आपोआप जमा होत जातो.

सर : बरं. हे मला लागलं. पण मग तू म्हणतेस काय? मुलांना हारेपासून वाचवायचं? 1979 च्या ऑगस्टमध्ये इस्रोचं एसएलव्ही-3 यान समुद्रात पडलं. कलाम प्रकल्पाचे प्रमुख होते. पत्रकारांसमोर इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन स्वतः गेले, जबाबदारी स्वतःवर घेतली. 1980 च्या जुलैत यान यशस्वी झालं तेव्हा त्यांनी कलामांना पुढे केलं. हार अशी पेलायची असते. पेलणारा माणूस हवा, हार टाळून कसं चालेल?

कॅप्टन : हे उदाहरण मी तुमच्याच तोंडून ओरिएंटेशनला ऐकलंय आणि मला ते आवडतं. पण त्यातली अर्धीच गोष्ट आपण सांगतो. धवन सरांनी बाहेरच्यांसमोर दोष अंगावर घेतला, म्हणून आत दोष शोधायचा राहिला का? नाही. तपासात निघालं की दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेतल्या व्हॉल्व्हमधून आम्ल गळून गेलं होतं. म्हणजे दोन वेगळी कामं झाली. एकात माणसाला पाठीशी घातलं, दुसऱ्यात मशीनला अजिबात पाठीशी घातलं नाही. आपल्या टीममध्ये ही दोन कामं एकमेकांत मिसळतात. कोणाला दुखवायचं नाही म्हणून दोष कुठे होता तेच बोलत नाही, नाहीतर दोष शोधता शोधता माणूसच शोधून काढतो.

सर : त्या वर्षी कलामांच्या टीममध्ये पगारी, मोठी माणसं होती. आपल्याकडे एक सबमिशन, एक बॅकलॉग आणि घरून रोज येणारा फोन यांतून वेळ काढून आलेली पोरं असतात. त्यांच्याकडून तू भलतीच अपेक्षा करतेस.

कॅप्टन : पोरांकडून नाही करत. तुमच्याकडून करते.

सर : (हसून) कर. आता मी बोलतो, जिंकण्याविषयी. जिंकण्यात काय वाईट आहे ते मी तुझ्याआधी पाहिलंय. आपण देशात वर आलो ते वर्ष आठव. प्राचार्यांनी सत्कार केला, स्पॉन्सर स्वतःहून आले, थर्ड इयरच्या मुलांना कंपन्यांनी इंटर्नशिप दिल्या. सगळं छान. आणि पुढच्या वर्षी आपण पहिल्या फेरीत बाहेर. का? ते मशीन कोणी उघडूनच पाहिलं नाही. हरलेल्या मशीनची आपण चिरफाड करतो. जिंकलेल्या मशीनला हार घालतो. त्याचा बेस एका बाजूला झुकायचा, हे ड्रायव्हरला माहीत होतं. तो बोटानं जॉयस्टिकवर तेवढं सांभाळून घ्यायचा. ही गोष्ट त्यानं कोणाला सांगितली नाही, कारण जिंकत असताना कोणी विचारलं नाही. तो पास होऊन गेला, आणि झुकणारा बेस ज्युनियर्सना वारशात मिळाला.

कॅप्टन : तो बेसही मिळाला नाही, सर. रोबो प्राचार्यांच्या केबिनबाहेर काचेच्या शोकेसमध्ये गेला. त्यातल्या मोटर्स सगळ्यांत चांगल्या होत्या. आम्ही त्या मागितल्या तेव्हा सांगितलं की पाहुणे येतात, मशीन रिकामं दिसेल. आम्ही जुन्या, घासलेल्या मोटर्सवर सराव केला.

सर : तेच म्हणतोय. म्हणून मी हारेच्या बाजूनं बोलतो. विजय माणसाला आंधळा करतो.

कॅप्टन : आणि मी म्हणते, विजयावर किंवा हारेवर काही अवलंबून नाही. निकालानंतरच्या दोन महिन्यांत मशीनला कोण हात लावतं, त्यावर सगळं अवलंबून आहे. जिंकल्यावर मशीन काचेत गेलं, कोणालाच हात लावता आला नाही. हरल्यावर ते चार सीनियर्सनी उघडलं, ज्याचा हात त्यात होता तो घरी बसला. दोन्ही वर्षी शिकायची संधी ज्यांना हवी होती त्यांच्याच हातून गेली. आणि ही वाटणी निकालाच्याही आधी सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरात रूलबुक येतं. त्या दिवसापासून तुम्ही म्हणता, वेळ नाही, जो ज्यात चांगला तो तेच करेल. लेथवर ज्याचा हात बसलाय तो वर्षभर लेथवर. मोटर कंट्रोलचं पीआयडी ट्यूनिंग एकाच मुलाकडे. फर्स्ट इयरची पोरं फाइल घेऊन बर काढत बसतात. मुली पोस्टर, प्रेझेंटेशन आणि स्पॉन्सरशिपची पत्रं.

सर : मुलींना मी कधी अडवलं नाही. हॉस्टेलच्या रेक्टरना पत्रं दिली आहेत, माझ्या सहीनं.

कॅप्टन : दिलीत. स्पर्धेच्या आधीच्या पंधरा दिवसांसाठी. पण मशीनची खरी समज ऑक्टोबर ते जानेवारीत तयार होते. तेव्हा काम रात्री चालायचं, कारण दिवसा वर्कशॉपमध्ये प्रॅक्टिकल असतात. मुलं नाईट मारायची, आम्ही दहाच्या आत हॉस्टेलवर. सकाळी आलं की बेस बदललेला असायचा आणि तो का बदलला ते कोणी लिहून ठेवलेलं नसायचं. मग आम्ही विचारायचो आणि विचारणारा नेहमी मागे पडलेला वाटतो. मी कॅप्टन झाले ती त्या वर्षी वर्कशॉप सकाळी साडेसहाला उघडून मिळालं म्हणून. बुद्धी वाढली म्हणून नाही. माझ्याआधीच्या बॅचेसमध्ये माझ्याहून चांगल्या मुली होत्या. त्यांच्या नशिबी पोस्टर आलं.

इतकी साधी गोष्ट, वर्कशॉपच्या कुलपाची वेळ, आणि तिच्यावर कोण इंजिनिअर होणार हे ठरतं. हे मी तिच्याकडून ऐकलं तेव्हा मला राग आला आणि तो अजून आहे. आपण मुलांच्या जिद्दीवर भाषणं देतो, किल्ली कोणाकडे आहे ते विचारत नाही.

सर : पण वाटणी केली नाही तर मशीन वेळेत उभंच राहत नाही. सगळ्यांना सगळं शिकवत बसलो तर आपण जानेवारीत फ्रेमवरच असू. आणि आपल्याकडची स्पर्धा किती निर्दय आहे ते तुला माहीत आहे. देशातून बाहेर जायला एकच संघ. दुसरा आलेला आणि विसावा आलेला, दोघेही घरी.

कॅप्टन : म्हणून दुसरा आलेला जास्त जळतो. बार्सिलोना ऑलिंपिकच्या चित्रफिती पाहून मानसशास्त्रज्ञांनी 1995 ला लिहिलं होतं की ब्राँझवाले खेळाडू सिल्व्हरवाल्यांपेक्षा जास्त समाधानी दिसतात. एकाला थोडक्यात गेलेलं गोल्ड दिसतं, दुसऱ्याला थोडक्यात मिळालेलं मेडल. निकालाची रचनाच असं करते. मग रचना बदलली तर? अमेरिकेत डीन केमन यांनी 1989 मध्ये फर्स्ट नावाची संस्था काढली, तिच्या शाळकरी मुलांच्या मोठ्या रोबोटिक्स स्पर्धेत तीन संघ एका बाजूला आणि तीन दुसऱ्या बाजूला खेळतात. सुरुवातीच्या सामन्यांत साथीदार बदलत राहतात. आत्ता समोर असलेला संघ पुढच्या सामन्यात तुमच्या बाजूला असू शकतो. आणि पुढच्या फेरीसाठी वरचे संघ आपले साथीदार स्वतः निवडतात. त्यामुळे पिटमध्ये कोणाची मोटर जळली तर बाकीचे धावतात. उद्या त्याच्या मशीनची तुम्हाला गरज आहे.

सर : म्हणजे चांगुलपणाही रूलबुकात लिहायचा? नियमानं आलेल्या चांगुलपणाला काय अर्थ? बालेवाडीला आपल्या पोरांनी समोरच्या टीमला आपलं सोल्डरिंग आयर्न दिलंय. कोणत्याही नियमाशिवाय दिलंय, सामन्याच्या आधी दिलंय. मला त्याचा जास्त अभिमान आहे.

कॅप्टन : मलाही आहे. पण ते दोन पोरांच्या स्वभावावर होतं. ती गेली की गेलं. नियमात असलं की दर वर्षी नव्या पोरांना त्याची सवय लागते. रोबोकॉनच्या मूळ कल्पनेतही निकालापलीकडचं काहीतरी होतं ना? तुम्हीच सांगितलंत.

सर : मासाहिरो मोरी. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत प्राध्यापक होते. वर्गातली पोरं मरगळलेली दिसली म्हणून त्यांनी त्यांना हातानं मशीन बनवायला लावलं आणि त्यातून ही परंपरा निघाली. जपानमधल्या तंत्रनिकेतनांची रोबोकॉन 1988 पासून चालते. तिथे विजेतेपद वेगळं आणि सगळ्यांत मानाचं बक्षीस वेगळं. ते कल्पनेला मिळतं. लवकर हरलेला संघही ते घेऊन जाऊ शकतो.

कॅप्टन : मग आपल्या कॉलेजात आपण काय करतो? परत आल्यावर प्राचार्य पहिला प्रश्न विचारतात, 'कितवे आलात?' मुलांच्या रेझ्युमेतही तेच, इंटरव्ह्यूतही तेच. मी आता समोर बसून इंटरव्ह्यू घेते. कितवे आलात हे मी विचारतच नाही. मी विचारते, मशीन कुठे अडलं आणि ते तुला कसं कळलं? ज्यानं स्वतः मीटर लावून दोष शोधलाय तो दहा मिनिटं थांबत नाही. विजेत्या टीममधल्या मुलांपैकी काहीजण या प्रश्नाला गप्प होतात. ती वाईट मुलं नसतात. त्यांना मीटर मिळालाच नव्हता.

सर : ठीक. तुझ्या हातात टीम दिली तर यंदा काय करशील? तत्त्वज्ञान नको, ऑगस्टपर्यंतचं वेळापत्रक सांग.

कॅप्टन : शोकेसमधला रोबो बाहेर काढायचा. सेकंड इयरच्या सगळ्यांनी, मुलामुलींनी, तो पूर्ण खोलायचा आणि पुन्हा उभा करायचा. प्रत्येकाच्या हातून निदान एक कनेक्टर क्रिंप झाला पाहिजे, एक शाफ्ट टर्न झाला पाहिजे. रोज काय बदललं ते वहीत. वर्कशॉप सकाळी उघडायचं. आणि स्पर्धेहून परत आल्यावर, निकाल काहीही असो, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी मिळून मशीन उघडायचं. ज्याच्या भागात दोष निघेल त्यानंच तो भाग पुन्हा बनवायचा. त्याला घरी पाठवायचं नाही.

सर : सहा आठवडे जातील. दुसऱ्या कॉलेजेसची तोपर्यंत प्रॅक्टिस सुरू झालेली असेल.

कॅप्टन : जातील.

सर : आणि पहिल्या फेरीत बाहेर पडलो तर?

कॅप्टन : मग बाहेर पडू, आणि पुढच्या वर्षी पंचवीस जणांना माहीत असेल का पडलो. आत्ता चौघांना माहीत असतं.

सर : शोकेसची किल्ली ऑफिसात आहे. ते सोपं नाही, पण मी आणतो. वहीचं मान्य, सकाळचं मान्य. एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. अरीनात ड्रायव्हर जो सगळ्यांत चांगला तोच. तिथे पाळीपाळीनं नाही. तीन मिनिटांसाठी तीस जणांची मेहनत पणाला लागलेली असते, तिथे मी कोणाला शिकायला उभा करणार नाही.

कॅप्टन : त्याच्या मागे दुसरा तयार असेल?

सर : दुसरा तयार करू.

कॅप्टन : दुसरी.

सर : जी वेळ कमी लावेल ती. स्टॉपवॉच तू धर.